अल्पाका नाशिकला मानवेल का?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग असून शेजारच्या पडीक जमिनीवर कृषी पर्यटन सुरू करण्याचा विचार आहे. मुलांनी मोबाइलवर अल्पाका दाखवले आणि घरातील सर्वांनाच ते फार आवडले. ते येथे पाळता येतील का? (एक बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : हा प्राणी आहेच मोहात पाडणारा. लांब मान, दाट पापण्यांचे टपोरे डोळे आणि कळपात सतत चालणारे मंद गुणगुणणे यांमुळे त्याच्याकडे कितीही वेळ पाहत राहावेसे वाटते. उंटाच्या कुळातला असल्याने त्याच्या पायाला टणक खूर नसून मऊ गादी असते, त्यामुळे कुरण तुडवले जात नाही. पूर्ण कळप लेंड्या टाकायला ठरावीक जागेवरच जातो आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांमधील शेतकरी त्या खत व सरपण म्हणून वापरतात.

तरीही आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'पाळू नयेत' असेच आहे. पेरू आणि बोलिव्हिया या देशांत साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवर, विरळ, कोरड्या हवेत आणि गोठवणाऱ्या रात्रींत हा प्राणी हजारो वर्षांपासून राहत आला आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे; येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि त्यापाठोपाठ चार महिने ओल राहते. अल्पाकाच्या अंगातील उष्णता मुख्यतः पोट आणि मांड्यांच्या आतील विरळ केसांच्या भागातून बाहेर पडते. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील पशुपालक उन्हाळ्याआधी लोकर कातरतात आणि पाणी पाठीवर न मारता पोटावर व पायांवर मारतात, कारण पाठीवरची भिजलेली लोकर उष्णता कोंडून ठेवते. एवढे करूनही आपल्या पावसाळ्यात जंतांचा त्रास उरतोच, शिवाय आजार बराच बळावेपर्यंत हा प्राणी लक्षण दाखवत नाही. गाय, म्हैस, शेळी यांवर उपचार करण्यात मुरलेल्या आपल्या पशुवैद्यकांना तो वेळीच ओळखता येईल, अशी अपेक्षा ठेवणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

पर्यटनाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अल्पाका खेळण्यासारखा दिसत असला तरी त्याला कवटाळलेले, विशेषतः डोक्यावर हात फिरवलेला, आवडत नाही. त्याला एकटेही ठेवता येत नाही, कळप लागतोच. माणसांनीच बाटलीने वाढवलेला एकटा नर मोठेपणी माणसांवर धावून जाऊ शकतो. परदेशातून जनावरे आणणे 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली येते आणि त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी व विलगीकरण आवश्यक असते. त्यामुळे 'घरपोच अल्पाका' देऊ म्हणणाऱ्या कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

लोकरीचे जनावरच हवे असेल, तर दख्खनी मेंढीचा विचार अवश्य करावा. तिची लोकर जाडीभरडी असली तरी घोंगडीला तीच लागते, आणि येथील ऊन व तुटपुंजा चारा तिला मानवतो. धनगर कुटुंबाच्या मदतीने कातरणी आणि घोंगडी विणणे पाहुण्यांना प्रत्यक्ष दाखवता आले, तर ते नाशिकचेच असेल. संगमनेरी शेळीही आपल्याच पट्ट्यातील आहे.

प्रश्न : भाचीने परदेशातून अल्पाकाच्या लोकरीची गुंडी पाठवली आहे. ही लोकर मेंढीच्या लोकरीपेक्षा वेगळी कशी? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : मेंढीच्या लोकरीत असणारा मेणचट स्निग्धांश हिच्यात फार कमी असतो, आणि बारीक प्रतीची लोकर अंगाला टोचत नाही. ती उबदार असली तरी तिला लवचिकपणा कमी असल्याने विणलेला स्वेटर वजनाने लांबतो. तेव्हा बाह्या व काठ घट्ट विणावेत, कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावे आणि दोरीवर न टांगता सपाट वाळवावे. हुआकाया जातीची लोकर कुरळी व फुगीर असते, तर सुरी जातीची रेशमासारखी लांब बटांची असते. दक्षिण पेरूतील एल यारल येथे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या अल्पाकांची वाळलेली कलेवरे सापडली, त्यांची लोकर आजच्या अनेक अल्पाकांपेक्षा बारीक आणि एकसारखी आढळली. सोळाव्या शतकातील स्पॅनिश आक्रमणात तेथील कळप आणि ते जोपासणारी माणसे उद्ध्वस्त झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची बारीक लोकरीसाठी जनावरे निवडून पैदास करण्याची परंपराही विस्कटली. माझ्या मते या प्राण्याच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी हानी आहे.

प्रश्न : अल्पाका माणसांवर थुंकतो, हे खरे का? (एक विद्यार्थिनी, सिन्नर)

उत्तर : क्वचित. बहुतेक वेळा तो चाऱ्यावरून दुसऱ्या अल्पाकावर थुंकतो. गाभण मादी जवळ आलेल्या नरावर थुंकून त्याला हाकलते, त्यामुळे पशुपालक तिच्या या वागण्यावरून ती गाभण असल्याचा अंदाज बांधतात. पुढे साधारण साडेअकरा महिन्यांनी ती बहुधा एकच पिल्लू देते, आणि तेही बहुतेक दिवसाउजेडी, म्हणजे रात्रीच्या गारठ्याआधी त्याचे अंग वाळलेले असते.