लेक आफ्रिकेत जायचं म्हणतेय

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पास झाल्या झाल्या आफ्रिकेत कुपोषित मुलांसाठी काम करायला निघायचं म्हणते. ‘हे करिअर आहे की खूळ?’ असं तुम्ही विचारलंय. करिअर आहे, आणि मोलाचं आहे. फक्त ते ‘पास झाल्या झाल्या’ तेवढं तिच्या डोक्यातून काढा.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या, संकटग्रस्त देशांत वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्था साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, ते उगाच नाही. तिथली बहुतेक कामं स्थानिक माणसंच करतात; बाहेरून आलेल्या नर्सनं त्यांना शिकवायचं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचंच बघा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची एक रंगीत पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की खूण लाल रंगावर येते, म्हणजे तीव्र कुपोषण. नायजरमध्ये ही पट्टी थेट मातांच्या हातात दिली. पट्टी आवळली तर दंड उगाच बारीक भरतो, सैल धरली तर आजारी मूल नजरेतून सुटतं. हे आईच्या शेजारी बसून, तिचा हात धरून, न रागावता शिकवता यायला हवं. कॉलेजच्या वॉर्डात ते येत नाही.

ते येतं गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचे श्वास मोजायचे. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोका. बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत फेऱ्या घालतात, त्याचं मूळ या कामात आहे. तेव्हा दोन-तीन वर्षं गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबार.

नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच उरकावी. फ्रेंच आत्ताच सुरू करावी. नायजर, चाड, काँगोत या भाषेवाचून अडतं. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, नंतर, अनुभवावर. आणि नोकरी लावायचे पैसे मागणारा एजंट दिसला, तर सरळ दार लावा.

तिच्या जिवाची काळजी वाटते म्हणता, ती रास्त आहे. अशा काही भागांत धोका खरा असतो, तिनं तो समजून घेऊनच ठरवावं. तोवर सुट्टीत तिला तुमच्याच गावच्या आशाताईंबरोबर चार घरं फिरू द्या, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.