एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी संपत आली होती, मग तिथल्या कापड गिरण्यांचा तिच्याशी काय संबंध?

संबंध कापसाचा. मॅसॅच्युसेट्स या उत्तरेकडच्या राज्यातलं लॉवेल शहर घ्या. तिथे मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३० फूट खाली उतरते. धबधबा टाळून लाकूड आणि होड्या नेता याव्यात म्हणून १७९६ मध्ये कालवा झाला होता. पुढे बॉस्टनच्या भांडवलदारांनी तोच विकत घेतला आणि १८२३ मध्ये त्याच्या पाण्यावर पहिली गिरणी सुरू केली. कालव्याचं पाणी चाक फिरवायचं, चाकाची गती पट्ट्यांवरून मजल्यामजल्यावरच्या यंत्रांना मिळायची. कामाला बहुतेक शेतकऱ्यांच्या तरुण मुली.

पण मॅसॅच्युसेट्समध्ये कापूस पिकत नाही. तो दक्षिणेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. त्याने गुलामांचे कष्ट वाचले असतील असं वाटतं ना? झालं उलटंच. सरकी झटपट निघू लागल्यावर कापसाची लागवड अफाट वाढली, वेचणी मात्र हातानेच राहिली. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेले.

मला सगळ्यात बोचते ती गोष्ट वेगळीच. लॉवेलमध्ये विणलेलं जाडंभरडं कापड गुलामांच्या कपड्यांसाठी परत दक्षिणेत जायचं. ते घालणारे त्या कापडालाच 'लॉवेल' म्हणत.

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला आणि लॉवेलच्या बऱ्याच गिरण्या थंडावल्या. त्याच कापसाच्या तुटवड्यावर इकडे मुंबईत मात्र सोन्याचा धूर निघत होता!