रिव्हर्सला एलईडी टाकले, आता एक पेटत नाही आणि एक विझत नाही

म्हणजे तुझं असं झालंय की रिव्हर्सचे दोन्ही साधे बल्ब काढून एलईडी टाकलेस, आता डावा पेटतच नाही, उजवा गिअर काढला तरी मिणमिणत राहतो, आणि बाहेरून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रेघा येतात, वर गॅरेजवाला म्हणतोय मागचं सगळं वायरिंग बदलू. भावा, आत्ताच वायरिंगला कुणाला हात लावू देऊ नकोस. जुने बल्ब फेकले नसशील ना? त्यातला एक डाव्या होल्डरमध्ये घाल, चाकाखाली वीट लाव, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन कर आणि रिव्हर्स टाक. जुना बल्ब झकास पेटला तर गाडी ठीक आहे, भानगड एलईडीची आहे, वायरिंगचा विषय तिथेच संपला.

आणि बहुतेक तो पेटणारच, कारण तू होल्डरचा जो फोटो टाकलायस तो काचेच्या चपट्या बुडाच्या बल्बचा दिसतोय, टी१५ म्हणतात तो. हा बल्ब होल्डरमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. साध्या बल्बला प्लस-मायनसचं काही पडलेलं नसतं, तारेतून करंट कुठूनही गेला तरी तार तापते. एलईडीतून मात्र करंट एकाच दिशेने जातो, उलटा खोचला की गप्प बसतो, जळत वगैरे नाही. तेव्हा उपट, अर्धा वळव, परत खोच. हसू नकोस, मी स्वतः पहिल्यांदा टाकले तेव्हा नाना पेठेतून जोडी आणली, एक पेटेना म्हणून दुकानात जाऊन वाद घालून दुसरी आणली, तिचाही एक पेटेना, शेवटी खालच्या मजल्यावरचे काका पार्किंगमध्ये आले, त्यांची हयात रेडिओ दुरुस्तीत गेली, त्यांनी काही न बोलता बल्ब काढला, फिरवला, घातला आणि चहाला निघून गेले. दुकानदाराला अजून तोंड दाखवलेलं नाही. (पितळी गोल बुडाचा, दाबून फिरवायचा एक टोकाचा बल्ब असता तर हा प्रश्न आला नसता, त्याचा प्लस मधल्या टोकावर ठरलेला असतो.)

फिरवूनही पेटला नाही तर होल्डर हातात घेऊन उजेडात बघ. आत तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात आणि बल्बच्या बुडाला दोन्हीकडे दुमडलेल्या तारा. स्वस्तातल्या एलईडीचं बूड काचेपेक्षा पातळ असतं, त्यामुळे पट्टीला तार नीट लागत नाही, तार नखाने किंचित बाहेर उचलून परत घाल. पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर ते पावसाळ्याचं पाणी आहे, टेल लॅम्पचं रबर सुटलेलं असणार, बारीक पॉलिश पेपरने घासून काढ. इथे मल्टिमीटरवर फार विसंबू नकोस. गंजलेल्या पट्टीवरही तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो कारण तो स्वतः करंट जवळपास ओढतच नाही. खरी परीक्षा टेस्ट लॅम्पची, म्हणजे वायर लावलेल्या तपासणीच्या बल्बची, नाहीतर जुन्या बल्बची.

आता उजवा. दिवसा कळतही नाही पण रात्री समईच्या वातीएवढा दिसतो, बरोबर? नव्या गाड्यांचा कंट्रोल युनिट बल्ब शाबूत आहे का हे बघायला बंद असतानाही अधूनमधून बारीक करंट सोडतो, साध्या बल्बची तार तेवढ्याने लालही होत नाही, एलईडीला मात्र तेवढं पुरतं. गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटांनी ये. विझलेला असेल तर काळजी करू नकोस, बॅटरी उतरत नाही त्याने. पण गाडी झोपल्यावरही पेटलेला असेल तर ज्याने कॅमेरा जोडलाय त्याचा जोड उघडून बघ. आणि समजा गिअर न टाकता फक्त ब्रेक दाबल्यावर किंवा पार्किंग लाइट लावल्यावर मिणमिणत असेल तर ते प्रकरण वेगळं, तिथे टेल लॅम्पची अर्थ, म्हणजे पत्र्याला जोडलेली मायनसची वायर, ढिली आहे, करंटला जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून शिरतो. आमच्या मेव्हण्याच्या गाडीत साधे बल्ब असताना हेच होत होतं, डिक्कीच्या पत्र्याला कसलेला अर्थचा स्क्रू घासून परत घट्ट केला, दहा मिनिटांचं काम.

कॅमेऱ्याच्या रेघा एलईडीमुळेच असाव्यात असं मला वाटतं. बाहेरून बसवलेला कॅमेरा बहुतेक वेळा रिव्हर्सच्याच वायरवरून करंट घेतो आणि एलईडीच्या आतलं सर्किट त्याच वायरवर खरखर सोडतं. दोन्ही एलईडी काढून रिव्हर्स टाक, चित्र स्वच्छ आलं की चोर सापडला. इलाज दोन, एक तर बरा एलईडी घे, नाहीतर कॅमेऱ्याच्या वायरला ही खरखर अडवणारा फिल्टर लाव. मी तर म्हणेन एका बाजूला जुना बल्बच राहू दे, गाडीला लोडही, म्हणजे तिला सवय असलेली करंटची ओढही, मिळते आणि बल्ब खराब असल्याची सूचना येत असेल तर तीही जायची शक्यता असते. पांढरा आणि पिवळसर असा दोन रंगांचा उजेड पडेल, दिसायला बावळट, पण मागे बघायचंय ना, वरात थोडीच काढायची आहे.

हाच लोड खोटा दाखवायला लोड रेझिस्टर कुणी गळ्यात मारेल, तो रिव्हर्सला शक्यतो नको. तो नेहमीचा ६ ओहमचा सोनेरी ठोकळा इंजिन चालू असताना सव्वादोन अँपियरच्या आसपास ओढतो, म्हणजे तीसेक वॅटची नुसती शेगडी, एलईडी टाकून जे वाचवलं ते सगळं तिथे जाळायचं. लावायचाच असेल तर पत्र्यावर कस, बंपरच्या प्लॅस्टिकला टायने बांधू नकोस, रिव्हर्समध्ये बराच वेळ थांबलास तर हात लावता येणार नाही इतका तापतो.

खोक्यावरच्या १०० वॅटच्या आकड्यालाही भुलू नकोस. खरंच १०० वॅट असते तर एकेक बल्ब आठ अँपियर ओढेल, दोन लावल्यावर १० अँपियरचा फ्यूज टिकेल का? माझ्या "१०० वॅट"वाल्याने मीटरवर ०.४ अँपियर दाखवला, म्हणजे पाचेक वॅट. उजेड छान आहे, तक्रार नाही. वॅट सोड, एलईडीच्या चिप बल्बच्या कडेने पण आहेत का ते बघ, नुसत्या टोकावर असतील तर रिफ्लेक्टरला उजेडच मिळत नाही.

उद्या कधी दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आधी पार्किंग सेन्सर वाजतोय का ऐक. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे. वाजला म्हणजे रिव्हर्स पडलाय हे गाडीला कळलंय, रिव्हर्स पडल्याचं कळवणारा गिअरबॉक्सवरचा स्विच बदलायला पैसे घालू नकोस, फ्यूज आणि होल्डर बघ.

आज रात्री डावा फिरवून बघ आणि काय झालं ते इथे लिही. फिरवूनही नाही पेटला तर होल्डरच्या आतला फोटो टाक, फ्लॅश लावून, मागच्यात काहीच दिसत नाही.