सगळा जवळाच असतो का?

प्रश्न: डोल जाळ्यातला ताजा जवळा घेतला, त्यात काही जरा मोठे, डोक्यावर लांब काटा असलेले निघाले. हापण जवळाच का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: नाही हो, मिक्स माल आहे तो. जवळा म्हणजे अ‍ॅसेटिस नावाची बारीक कोळंबी, आपल्याकडे मुख्यतः अ‍ॅसेटिस इंडिकस. भिंगाखाली धरून पाय मोजा, चालायच्या पायांच्या तीनच जोड्या, मागच्या दोन गायब, आणि डोक्यावरचा काटा अगदी नावाला. तुमचे ते मोठे बहुतेक नेमॅटोपॅलेमॉन, म्हणजे वेगळीच कोळंबी, काटा लांब, मागचे पाय दोऱ्यासारखे. त्याची मादी अंडी पोटाखाली धरून फिरते, जवळ्याची पाण्यात सोडून मोकळी होते, म्हणजे पोटाखाली अंडी दिसली की विषयच संपला.

खरी डोकेदुखी अ‍ॅसेटिसच्या आपसातल्या जातींची. शेपटीच्या पंख्यावरचे लाल ठिपके बघायचे, किती नि कुठे, पण स्पिरिटमध्ये टाकलं की रंग उडतो म्हणून फोटो आधी काढा. फायनल निकाल नराच्या पेटास्मावरून, म्हणजे पोहायच्या पहिल्या पायांवरचा अवयव, त्याला मायक्रोस्कोपच लागतो. सुक्या जवळ्यावर मात्र डोकं लावू नका, सरळ चटणी करा.