पिल्लू आणण्याआधी त्याची आई पाहा
ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील तुमच्या घरी प्रथमच कुत्रा येणार, हे तुम्ही कळवलेत, याचा आनंद वाटला. पिल्लाची आई आणि त्याची जन्मजागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम मात्र देऊ नका. विक्रेता ठाणे स्टेशनबाहेरच भेटायचा आग्रह धरत असेल, तर व्यवहार तिथेच सोडावा. माझे पहिले पिल्लू असेच खोक्यातून आले आणि चौथ्या दिवशी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने गेले. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही व प्रजननकर्त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र निःसंकोच मागावे. लसीकरणाच्या पुस्तिकेत लसीच्या कुपीचे लेबल आणि पशुवैद्यकाची सही असावी. मी तरी दत्तक गावठी पिल्लूच सुचवेन, कारण आपला दमट उन्हाळा हस्कीसारख्या थंड प्रदेशातल्या जातीला सोसत नाही.