घडीघडी सोनोग्राफी कायले?

"बाई, घडीघडी मशीन लावून पोटातल्या लेकराले काही होत तं नाही ना?"

हा प्रश्न दवाखान्यातल्या माझ्या खोलीत रोजचाच. त्या दिवशी तो घाटंजीकडच्या एका सासूबाईंनी विचारला. सून शेजारी मान खाली घालून बसलेली. पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा, बीपी १५०/१००, पायांवर सूज. उपकेंद्रातल्या सिस्टरने टेप लावून पोटाची उंची मोजली, ती २७ सेंटीमीटर भरली. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर असा हिशोब असतो. सिस्टरला शंका आली आणि तिने लगेच पुढे पाठवलं. त्या साध्या टेपचं मला फार मोल वाटतं.

सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी निघालं. डॉक्टरांनी दर आठवड्याला डॉपलर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि दोन आठवड्यांनी वाढीची तपासणी सांगितली. ऐन कापूस वेचणीत एवढ्या खेपा! त्यात सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या घरात सारे लेकरं बारीकच होतात. माहा पोरगा बी असाच होता."

आधी भीतीचं बोलले. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. डॉपलरमध्ये त्यांचा जोर थोडा जास्त असतो, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत गरज नसताना तो लावत नाहीत आणि नंतरही कामापुरताच लावतात.

बारीक बाळांबद्दल मात्र त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. काही बाळं मुळातच लहान चणीची असतात आणि धडधाकट असतात. काहींना वारेतून (प्लॅसेंटातून) पुरेसं मिळत नाही, म्हणून ती खुंटतात. एकाच दिवशीच्या वजनाच्या आकड्यावरून दोघं सारखीच दिसतात. दोन आठवड्यांत बाळ किती वाढलं आणि नाळेतून रक्त कसं वाहतंय, हे पाहिल्यावर फरक कळतो.

दाराशी उभ्या नवऱ्याला विचारलं, "शेतात ठिबक आहे ना? नळ्या क्षाराने चोक झाल्या की काय होतं?"

"मोटर जोर मारते, पन पानी पुढं जात नाही."

तसंच आहे हे. बाळाचं हृदय नाळेतून वारेकडे रक्त ढकलतं. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही ते पुढे सरकत राहायला हवं. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की हा मधला प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, फारच बिघडलं तर उलटा फिरतो. डॉपलरमध्ये हेच दिसतं. आज ठीक असलेला प्रवाह आठवड्याभरात बदलू शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा बोलावतात.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मशीन लेकराले काही करत नाही, नुसतं पायते."

सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे, न्यायला-आणायला १०२ ची गाडी मिळते, हे सांगितलं. बुडणाऱ्या मजुरीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेही मी लपवलं नाही. सुनेला म्हटलं, "जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि बाळाची हालचाल मोज. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर सकाळची वाट पाहू नको. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली पोटात दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर सरळ १०८ लाव."

सासू-सुनेने एकही खेप चुकवली नाही. तिसऱ्या डॉपलरला, तेहतिसावा आठवडा संपता संपता, मधला प्रवाह थांबलेला दिसला. त्याच दुपारी तिला यवतमाळला हलवलं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनची ४ इंजेक्शनं १२-१२ तासांनी दिली आणि मग सिझर झालं. मुलगी, १ किलो ४८० ग्रॅम. नवजात शिशू कक्षात बरेच दिवस राहिली.

मी भेटायला गेले तेव्हा सून जेवायला बसली होती. नात आजीच्या छातीशी, लुगड्याच्या पदराआड, उघड्या अंगाला उघडं अंग लावून झोपलेली. "हळू बोला बाई," आजी म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागला तिचा."