सरंजाम आणि इनाम एकच का? पणजोबांच्या कागदात दोन्ही शब्द आहेत.

नाही. सरंजाम फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल, तर इनाम बहुधा वंशपरंपरेने, सारा पूर्ण किंवा अंशतः माफ करून दिलेलं. मोडी सनदा वाचताना फरक लगेच कळतो. सरंजामाच्या कागदात किती स्वार ठेवायचे, कोणत्या गावांचा किती ऐवज, असा हिशेब असतो. इनामपत्रात मात्र ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ अशी दिलेल्या हक्कांची रांग येते आणि ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ म्हणून आधीचे हक्क वगळलेले असतात. ही शेवटची ओळ नीट वाचाच. इनामात दिला जायचा तो सहसा सरकारचा वाटा. मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेला, कुणबी आपली जमीन कसतच राहायचा. पाटील-कुलकर्ण्यांचं वतन आणखी वेगळं, ते गावकामाशी बांधलेलं.

एक लक्षात घ्या: सरंजामदार वारला की सरंजाम सरकारात जमा व्हावा आणि नजर (नजराणा) घेऊन मुलाच्या नावे नवा करून द्यावा, हा नियम. पेशवाईत मोठे सरंजाम प्रत्यक्षात पिढीजातच झाले. म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका, सनदेतल्या अटी पाहा.